मावशीनं दिलेला बहार

सौंसरला बदली होऊन पुरता दिवसही झाला नव्हता, तेव्हा मी संत्र्यांचा एक अख्खा ढीग विकत घेतला. आणि तो अगदी सभ्यपणानं घेतला, म्हणून जास्त लाज वाटते.

झालं असं, की मला खोली भाड्यानं हवी होती. आमच्या बिजली ऑफिसातल्या एकानं सांगितलं, मावशीकडं जा, वरची खोली रिकामी आहे, ती आता अडतीत सापडेल. बायकोला बसस्टँडवर सामानाजवळ बसवून मी अडतीत पोचलो. संत्र्यांचे ढीग, त्यांच्याभोवती व्यापारी, आणि मधोमध साठीकडं झुकलेली एक उंच बाई. लुगडं ठाकठीक, खांद्यावर मात्र पुरुषी दुपट्टा. मी जवळ गेलो तशी तिनं उजवा हात पुढं केला आणि त्यावर दुपट्टा टाकला. मला वाटलं, हात ओला असेल, संत्र्यानं चिकट झाला असेल, पाहुण्याला लागू नये म्हणून झाकला. मीही शिकलेला माणूस. दुपट्ट्याखाली हात घातला, तिची पाचही बोटं नीट धरली आणि चांगली दाबून हलवली.

भोवतालच्या व्यापाऱ्यांनी माना वळवल्या.

"सौदा झाला!" ती ओरडली. "ढीग ह्या बाबूचा!"

त्या भागात पूर्वी भाव असाच ठरत असे. कापडाखाली बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. बोलीचे लिलाव आले, मोबाइलवर भाव आले, पण मावशीनं आपला दुपट्टा सोडला नव्हता. आणि मी पाचही बोटं धरली होती. असा भाव त्या हंगामात कोणी दिला नव्हता, असं एका व्यापाऱ्यानं मला फार हळहळून सांगितलं.

"मी तर नमस्कार केला हो," मी म्हटलं.

"नमस्कार वरतून करतेत बाबू, खालून नाई," मावशी म्हणाली. "दुपट्ट्याखालचा सौदा मोडत नसते. आता इतक्या संत्र्याचं काय करतं सांग."

घाबरून मी खरं ते बोलून गेलो, की बायकोला दिवस गेलेत, तिला संत्री आवडतात. मावशीचा चेहरा बदलला. तिनं दोन हमालांना हाक मारली आणि ढीग सरकारी दवाखान्यात बायांच्या वॉर्डात पाठवून दिला. "पैसे माह्यावर, नाव तुह्यं," म्हणाली. मी बसस्टँडवर परत आलो तेव्हा बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती. बायको ट्रंकेवर बसून माझ्याकडं बघत होती. "आल्या आल्या दानशूर झाले जी तुम्ही? मले तं चहा नाई पाजला सकाळपासून."

खोली देताना मावशीनं जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एकच विचारलं, "पोट वाढलं का पानी कोन भरन?"

"नळ आहे ना," मी म्हटलं.

"नळ खाली हाय. खोली वरते हाय."

"मग मी भरीन."

"तं घे चावी."

बुद्धाचा फोटो आम्ही जरा दबकतच भिंतीवर लावला होता. दुसऱ्या दिवशी ती वर आली, फोटोसमोर उभी राहिली, म्हणाली, "खिया वाकडा हाय," आणि खालून हातोडी आणून स्वतः सरळ करून गेली. तो विषय तिथंच संपला, पुन्हा कधी निघाला नाही. मी मात्र पुढं कितीतरी महिने बादल्या घेऊन जिना चढत होतो आणि ती खाली उभी राहून, पाणी सांडलं की, "बाबू, जिना नाई वाढत पानी टाकून," असं म्हणत असे.

उभी राहून म्हणतो, कारण मी तिला बसलेली पाहिलीच नव्हती. अडतीत उभी, ओसरीत खांबाला टेकून उभी, लग्नाच्या पंगतीत वाढायच्या निमित्तानं उभी. कोणी खुर्ची सरकवली तर म्हणे, "बसनाऱ्याचा माल सडते." लोकांना वाटे, व्यापारी बाणा आहे.

दुसरी खोड म्हणजे पापणी. समोर बाई दिसली, की मावशी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून आतला रंग बघणार. ओळख असो नसो. लग्नात स्टेजवर चढून तिनं नवरीची पापणी ओढली आणि माइक चालू असताना म्हणाली, "पांढरीफटक हाय पोरगी, मेकअप कायले केला, गूय चारा." बदलून आलेल्या साहेबांच्या बायकोलाही सोडलं नाही. त्या बाईंनी आधी फार मनाला लावून घेतलं, मग तपासून आल्या, आणि मग पेढे घेऊन आल्या. आपल्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला येणाऱ्या बायांना मावशी रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा देई, आणि समोर खायला लावी. घरी नेला तर पोरं आणि नवरा खातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचं एक बोलणं मला फार आवडे. संत्र्याला आंबिया बहार घ्यायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की झाड फुलून येतं. मावशी म्हणे, "ताण देल्ला का झाड फुलते. बाई नाई फुलत. बाई वायते, सुकून जाते." हे ती सासवांना सुनवत असे, तेही भर रस्त्यात.

असं सगळं असताना, तिच्याच तोंडून दुसरं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. "आमच्या टायमाले बारसं झालं का दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपलं. मले काय झालं?" असं ती अभिमानानं म्हणायची. खांबाला टेकून.

आमची मुलगी त्या खोलीत जन्मली, मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. आम्ही भाडेकरूचे घरचे कधी झालो ते कळलं नाही. आणि मग एके दिवशी अडतीत ती डॉक्टरीण आली.

नागपूरच्या एका संस्थेतली, तिशीची, बारीक चणीची पोरगी. तिला बाळंतीण बायांवर संशोधन करायचं होतं. बाळंतपणानंतर कितीतरी बायांचं अंग खाली सरकतं, म्हणजे गर्भाशय जागा सोडून उतरतं, कंबर धरते, लघवी थांबत नाही, आणि बाया ते आयुष्यभर पदराखाली ठेवतात. घरी येऊन काही व्यायाम शिकवले, गोळ्या दिल्या, पाठपुरावा केला, तर हे टळतं का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी गावातल्या, बगीच्यातल्या बाया हव्या होत्या.

मावशीनं पूर्ण ऐकलं आणि तिची पापणी ओढली. "सवताचं रक्त पाह्य पहिले."

डॉक्टरीण हसली. "आता तुमची बघू."

मावशी चक्क दोन पावलं मागं सरकली. अडतीत कोणी तिला मागं सरकताना पाहिलं नव्हतं.

पण ती पोरगी तिला आवडली. माझ्या बायकोचं अक्षर बरं म्हणून तिला लिहायला लावलं, आणि मी एकदा गाडी येते अशी बढाई मारली होती म्हणून मावशीची जुनी व्हॅन चालवायला मला. रविवारी आम्ही बोरगावकडच्या गावांत जायचो. पुरुषांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळं ह्या संशोधनातलं माझं योगदान म्हणजे अंगणवाडीबाहेर लिंबाखाली बसून लोकांच्या वीजबिलाच्या तक्रारी ऐकणं.

आत काय चाललं ते बायको येताना सांगे. पहिल्या रविवारी तर काहीच चाललं नाही. बाई आली, तिच्यामागं सासू आली. डॉक्टरणीनं सासूला बाहेर बसवलं, तरी बाई "सारं चांगलं हाय" याशिवाय बोलेना. लाज तोंडात घट्ट बसलेली. तेव्हा मावशीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघींच्या हातांवर टाकला. "तोंडानं नोको बोलू वो. त्रास नसन तं एक बोट दाब. असन तं दोन. लय असन तं सारे."

बाई आधी हसली. मग खाली बघत राहिली. मग दुपट्टा हलला.

कल्पना चांगली होती, घोटाळा पुढं झाला. डॉक्टरीण पाणी प्यायला उठली तेवढ्यात मावशीनं तिची जागा घेतली. कंबर किती दुखते, या प्रश्नाला एका बाईनं चार बोटं दाबली, तर मावशीनं सवयीनं उलट दोन दाबली. बाईनं तीन दाबली. मावशी खूश होऊन म्हणाली, "लिही, तीन!" माझ्या बायकोनं लिहिलं पण. डॉक्टरीण परत आली, काय झालं ते कळल्यावर कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, दुखण्याचा भाव पाडायचा नसतो हो!" त्या दिवसापासून दुपट्टा मावशीचा, पण जागा डॉक्टरणीची. मावशीला दाराशी उभं केलं. तिथून ती सासवांना परतवत असे, ते काम तिला जास्त जमलं.

मग एका रविवारी डॉक्टरीण आली ती तोंड उतरवूनच. जिथून निधी मिळत होता तिथून यापुढं मिळणार नाही असं कळलं होतं. बाया अर्ध्या वाटेवर होत्या. काही बाळंत होऊन गेलेल्या, काही व्हायच्या. आता थांबलं तर आधीचं सगळं वाया.

"लोक का देत नाहीत?" मी विचारलं.

"हार्टला देतात, कॅन्सरला देतात," ती म्हणाली. "ह्या दुखण्यानं बाया मरत नाहीत ना पटकन. नुसत्या जगतात त्याच्यासोबत."

मावशी खांबाला टेकून ऐकत होती. तिनं दुपट्टा काढला आणि हात पुढं केला. "ये."

दुपट्ट्याखाली काय आकडा ठरला ते मला आजही माहीत नाही. एवढं माहीत आहे, की बोरगावकडच्या बगीच्याचा त्या वर्षीचा सगळा आंबिया बहार, म्हणजे त्या पिकाचा पैसा, तिनं देऊ केला. डॉक्टरणीचे डोळे भरले, पण हात तिनं लगेच काढून घेतला. "मावशी, पैसे संस्थेत भरावे लागतील. आणि एक सांगते, तुम्ही पैसे दिले म्हणून उत्तर तुमच्या मनासारखं येईल असं नाही. कदाचित व्यायामाचा काही उपयोग नाही, असंही निघेल."

"झाडाले खत टाकलं का फय लागनच, असं कोन लिहून देते?" मावशी म्हणाली. "आनखीन काई?"

"आहे. तुम्ही मला तपासू द्यायचं."

मावशी म्हणाली, "मी का बायंतीन हाओ? मी नाई बसत तुह्या संशोधनात."

"संशोधनात नाही बसत. इलाजात बसता."

त्या दोघी आणि माझी बायको आत गेल्या, दार लागलं. बाहेर आल्यावर बायको मला एवढंच म्हणाली, की व्हॅन काढा. पुढं नागपूरला एक-दोन खेपा झाल्या. आणि एका सकाळी मी जिन्यावरून उतरतो तर मावशी ओसरीवर खुर्चीत बसलेली. नुसती बसलेली, दोन्ही हात मांडीवर, समोरच्या रस्त्याकडं बघत. मला पाहून म्हणाली, "बाबू, इथून गाव वेगळंच दिसते बावा." तेव्हा बायकोनं मला सांगितलं, की मुलगा झाला तेव्हापासून मावशीचं अंग खाली होतं. फडकं बांधून तिनं सगळा जन्म काढला. बसलं की जास्त टोचायचं. डॉक्टरांनी आत बसवलेल्या एवढ्याशा रबरी कडीनं आराम पडला.

गावात मात्र लोक हसत होते. इतक्या पैशात दवाखान्याला एक खोली बांधून झाली असती, दारावर नाव लागलं असतं. संशोधनाला दार नसतं, नाव कुठं लावणार? मावशीचा मुलगा नागपूरला असतो, तो फोनवर म्हणे, "आई, लोक मंदिराले देतात, शाळेले देतात. तू ह्याले देल्ले! मी लोकाइले सांगू काय?" मावशी म्हणे, "सांग का तू जिथून आला त्याले देल्ले." तिकडून फोन बंद होई.

पुढं पांढुर्णा जिल्हा झाला, आमचं ऑफिस वाढलं, आणि माझी तिकडं बदली झाली. सामान ट्रकात चढवताना मावशीनं माझ्या मुलीची पापणी ओढून पाहिली, बायकोची पाहिली, आणि सवयीच्या भरात माझीही पाहिली. "ठीक हाय," म्हणाली आणि आत निघून गेली.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरणीचा बायकोला फोन आला. निष्कर्ष निघाले होते. छापायला देण्याआधी तिला मावशीला स्वतः सांगायचे होते, आणि बायकोनंही तिथं असावं असं तिला वाटत होतं. आम्ही रविवारी पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला गेलो. मुलगाही नागपूरहून आला होता. मावशी ओसरीवर खुर्चीत होती. बायकोनं चहा केला.

डॉक्टरणीनं चहाला हात न लावता, पडल्या चेहऱ्यानं लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "व्यायामाचा उपयोग होतो, मावशी. चांगला होतो."

"मंग असं तोंड कायले केलं?"

"सगळ्यांना नाही होत. ज्यांना विसावा मिळाला त्यांनाच होतो. बाळंतपणानंतर ज्या लवकर वजन उचलायला गेल्या, त्यांचा त्रास तसाच राहिला. काहींचा वाढला." तिनं मावशीकडं पाहिलं. "त्या बहुतेक संत्र्याच्या तोड्यावरच्या आहेत. भरलेल्या क्रेट उचलणाऱ्या. इकडच्याच बगीच्यांतल्या."

मला माझा जिना आठवला. बायकोला बादली उचलायला लागू नये म्हणून मी हंगामभर पाणी वाहिलं होतं, आणि खाली अंगणात क्रेट उतरवणाऱ्या बायांमधून वाट काढत वाहिलं होतं. त्यांच्यातल्या कोणाचं बाळ केवढं आहे, हे ना मावशीनं विचारलं ना मी.

मुलगा पहिला बोलला. "मॅडम, हे पैसे आमच्याच बगीच्याचे हायत."

"नाव कोणाचं येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली.

"नाव नसलं तं काय झालं? इकडं सारे ओळखतीन. बाकी सारं छापा ना, व्यायामाचं छापा, मस्त छापा. ते वजनाचं तेवढं काढून टाका."

"ते काढलं तर खोटं होईल."

"अन् पुढचे पैसे आम्ही देल्ले नाई तं?"

शेवटच्या फेरीचे पैसे मावशीकडून अजून यायचे होते. त्या फेरीत बायांना पुन्हा भेटून, ज्यांचा त्रास वाढला त्यांचा इलाज करायचा होता. डॉक्टरणीनं लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला.

मावशी कोणाकडं बघत नव्हती. "त्याईचं रक्त कसं होतं?" तिनं विचारलं.

"चांगलं होतं, मावशी. बाकी बायांपेक्षा चांगलं होतं."

"रक्त चांगलं होतं," मावशी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "रक्त चांगलं होतं त्याईचं." मग म्हणाली, "शेंगदाणे बी म्याच देल्ले, अन् वजन बी म्याच देल्लं."

"आई, तू एकटी का?" मुलगा म्हणाला. "सारेच देतेत. तू सवता नाई उचललं का टोपलं?"

"उचललं ना," ती म्हणाली. "म्हनून तं मले मालूम पायजे होतं."

ती खुर्चीचे हात धरून उठली. डॉक्टरणीला वाटलं असावं, संपलं सगळं. तिनं लॅपटॉप मिटायला घेतला.

"बंद नोको करू," मावशी म्हणाली. "जे हाय ते लिही. पुढचे पैसे उद्या भरतो. पन एक बी ओळ कापशीन, तं सारे पैसे वापस घेईन मी."

आणि ती आत गेली. मागोमाग माझी बायको चहाचे कप घेऊन गेली. मुलगा अंगणात जाऊन फोनवर बोलू लागला. डॉक्टरीण ओसरीच्या पायरीवर बसून रडली आणि हसली, दोन्ही एकदम, आणि मी, अशा वेळी पुरुषानं काय करावं हे न कळून, तिच्यासाठी पाणी आणलं आणि अर्धं तिच्या बॅगेवर सांडलं.

बऱ्याच वेळानं बायको बाहेर आली. मी तिला बाजूला घेऊन, आवाज जरा जड करून म्हटलं, "काय मोठ्या मनाची बाई आहे, नाही?"

"मोठं मन राहू द्या जी," बायको म्हणाली. "आत भांड्यापाशी रडून राहिल्या होत्या. एक पोरगी होती म्हने, लेकराले झाडाखाली झोळीत टाकून क्रेट उचलत होती. कोन्तं झाड ते बी आठवते त्याइले, पन पोरीचं नाव आठवत नाई. मी म्हटलं, बोरगावले जाऊन विचारू एखांद्या दिवशी. तं चपला घालून मांगच्या दारात उभ्या हायेत. तुम्ही पांढुर्ण्याच्या बसनं निघा. आपली पोरगी क्लासवरून येईन, भात लावून ठेवजा. मले उशीर होईन."